स्वयंचलित गिअरपेटीतील विद्युत-दोष

स्वयंचलित गिअरची मोटार एकाच गिअरमध्ये अडकली की गिअरपेटी उतरविण्याची घाई केली जाते. ती पुष्कळदा अनाठायी ठरते. विद्युत-मंडलात दोष आढळताच नियंत्रक स्वतःच गिअर बदलणे थांबवितो; मोटार सावकाश का होईना, घरी पोहोचावी हा त्यातील हेतू.

प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण भारित व विश्रांत स्थितीत ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. नंतर अर्थिंगची तार. तपासणी-यंत्रावर 'पी ०७५३' उमटले म्हणजे सोलेनॉइडच जळाले, असे नव्हे. दोष त्याच्या मंडलात कोठेही असू शकतो. सोलेनॉइडचा रोध मोजून निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडावा. तो योग्य भरल्यास तारा व त्यांचा जोड, ज्यास कारागीर कपलर म्हणतात, तपासावा. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेने कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि एवढ्याशा कारणापायी सबंध गिअरपेटीचा खर्च मालकाच्या माथी बसतो!