थेंबभर पेट्रोल



धानाची मळणी झाली की आमच्या सिंदेवाहीत घरोघरी पोती येतात आणि पोत्यांमागोमाग उंदीर. मागच्या हिवाळ्यात छपरीत उभ्या असलेल्या आमच्या जुन्या मारुती ८०० जवळ पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली डाग नव्हता. वाकून पाहिलं तर रबरी पाइपवर दातांच्या खुणा, आणि तिथून एकेक थेंब गळतोय. मी पकड आणायला निघालो. बायको म्हणाली, "आधी गाडी बाहेर काढा, मग काय ते करा." दहा पावलांवर चूल पेटलेली होती!

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेटण्याइतकी तयार होते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत, देवापुढच्या दिव्यापर्यंत पोचू शकते. म्हणून इंजिन सुरू न करता गाडी ढकलतच मोकळ्यावर न्यावी. जवळ कोणी बिडी ओढू नये. कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवावी. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग आणखी पसरते.

आता, हे काम घरी कोणी करावं? गाडी कार्बुरेटरची असेल तर जमेल. तिच्या पाइपमध्ये दाब अगदी कमी असतो. २००० सालाच्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन किलो दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. पाइप सैल करताच पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. ते काम मेकॅनिककडेच द्यावं.

इंजिन पूर्ण थंड झालं, वास विरला, की सगळे दिवे आणि स्विच बंद असल्याची खात्री करून बॅटरीची उणे बाजूची वायर आधी काढावी. टाकीचं झाकण क्षणभर उघडून आतला दाब जाऊ द्यावा. पाइपखाली पत्र्याचा डबा धरावा. पेट्रोल तोंडाने ओढू नये. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. पोटात गेलंच, तर उलटी न करवता दवाखाना गाठावा.

जुना तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा आणि त्याच मापाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला पाइप घ्यावा. क्लिपाही नव्या घ्याव्यात. पाइप नळीवर बोटाच्या एका पेराएवढा चढवावा. क्लिप टोकावर न बसवता थोडी आत बसवावी आणि फार आवळू नये. ती रबर कापते. गरम सायलेन्सरपासून पाइप दूर राहील असं पाहावं. मग सांडलेलं पुसून, वास गेल्यावर बॅटरी जोडावी, इंजिन सुरू करावं आणि बॅटरीच्या उजेडात जोड कोरडे आहेत ना ते तपासावं. काडी ओढून कधीही पाहू नये.

साबण चोपडणं, चिकटपट्टी गुंडाळणं हे आपले नेहमीचे उपाय. सायकलची ट्यूब तर पेट्रोलमध्ये फुगते. मूलच्या जंगलरस्त्यावर गाडी बंद पडली की हे सगळं करण्याचा मोह होतो, पण गळती गाडी चालवण्यापेक्षा ती ओढून आणलेली बरी. लोखंडी नळी गंजून गळत असेल, तर तिला घरी डाग किंवा वेल्डिंग करू नये; नळीच बदलून घ्यावी.

आणखी एक. २०२५ साली पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचलं. ते ऊस आणि मक्याबरोबरच तांदळाच्या कणीपासूनही बनतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्यामुळे बदलावे लागू शकतात, असं केंद्र सरकारनेही त्याच वर्षी सांगितलं. तेव्हा उंदीर नसले तरी वर्षातून एकदा पाइप दाबून पाहा. कडक झाला असेल, भेगाळला असेल, तर गळायची वाट पाहू नका.

आमचा पाइप बदलायला अर्धा तास लागला. त्याआधी वास जाण्याची वाट पाहण्यात तास गेला. त्या तासात मी पोती छपरीतून हलवली.