चिखलातील ठेव

तमिळनाडूतील चिदंबरम हे नटराजाचे क्षेत्र आपणांस ठाऊक आहेच. त्याचे जुने नाव तिल्लै, आणि तिल्लै हे एका झाडाचे नाव होय. खाऱ्या दलदलीत वाढणारे हे झाड मोठे मानी. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना अपाय होतो. चिदंबरमपासून काही कोसांवर, वेल्लार आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या मुखांमध्ये, पिचावरम येथे अशा वृक्षांचे मोठे वन आहे. कोकणात आपण ज्याला तिवरांचे रान किंवा कांदळवन म्हणतो, तेच हे. या वनाचा काही भाग उजाड झाला होता, तो पुन्हा हिरवा झाला. तथापि झाडे परतली म्हणजे सारे परतले काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

ब्रिटिश अमदानीत सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे येथे वनाचे तुकडे पाडून एकेक तुकडा साफ तोडला जाई. उघडा पडलेला चिखल उन्हाने सुकला, खचला आणि बशीसारखा खोलगट झाला. भरतीचे पाणी आत शिरे, पण ओहोटीबरोबर परत जाईना. साचलेले पाणी आटे, मीठ मागे राही. असे होता होता जमीन इतकी खारट झाली की खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या तिवरालाही ती सोसेना. या ऱ्हासाचा दोष मात्र गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीवर आणि गुरांवर टाकला जाई! १९९० नंतरच्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखाते व गावकरी यांच्या साह्याने येथे चर खणले. मुख्य चर खाडीला जोडलेला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे फुटणारे लहान चर, अशी ही माशाच्या काट्यासारखी रचना होती. पाणी ये-जा करू लागले, मीठ धुऊन निघाले आणि लावलेली रोपे तगली.

आता कार्बनची गोष्ट. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन लाकूड, पाने आणि मुळे घडविते, हे शाळेतील मुलासही माहीत असते. परंतु कांदळवनाची खरी ठेव जमिनीखाली असते. पाण्याने भिजलेल्या त्या काळ्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. त्यामुळे गळलेली पाने आणि मेलेली मुळे फार सावकाश कुजतात व त्यांतील कार्बन शतकानुशतके तेथेच राहतो. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या पट्ट्यातील २५ कांदळवनांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि वनावनांतील या साठ्याचा ४९ ते ९८ टक्के भाग मातीत होता. हा आकडा प्रत्येक किनाऱ्याला लागू पडेल असे मात्र नव्हे, म्हणून तर जागोजागी मोजणे आले.

हे मोजणे कष्टाचे असते. ओहोटी साधून विद्यार्थी चिखलात उतरतो, अर्धनळीच्या आकाराचे गिरमीट मीटरभर खोल दाबतो आणि मातीचा गाभा सबंध वर काढतो. त्याचे तुकडे पाडावयाचे, वाळवावयाचे, तोलावयाचे, आणि मग प्रयोगशाळेत त्यांतील कार्बन शोधावयाचा. येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. चिखलात शिंपल्यांचा चुरा असतो व त्यातही कार्बन असतो. पण तो पानामुळांचा नव्हे. आम्लाने तो काढून न टाकता नमुना यंत्रात घातला, तर आकडा फुगतो आणि प्रबंधही उगाच भरदार दिसतो. दुसरा घोटाळा शब्दांचा. एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. यांतील कोणता टन सांगितला हे गुलदस्तात ठेवले की वन बसल्याजागी पावणेचार पट श्रीमंत होते. कार्बनच्या पतपत्रांचा व्यापार चालू असलेल्या या काळात ही चूक निरुपद्रवी नव्हे.

मला त्याहून बिकट वाटते ती काळाची अडचण. लावलेल्या रोपांची गणती एका दिवसात होते, छायाचित्रही निघते. चिखलाचा थर मात्र वर्षाकाठी काही मिलिमीटरच चढतो, आणि विद्यार्थ्याच्या हाती असतात दोन-तीन वर्षे. पुनरुज्जीवित वनाच्या मातीत नवी ठेव किती पडली, हे त्याला बहुधा स्वतः पाहावयास मिळत नाही. शिवाय आरंभी कोणी मोजलेच नसेल, तर पुढच्याने तुलना कशाशी करावी?

यावर एक साधा उपाय आहे. चिखलाच्या पृष्ठभागावर फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी पसरून ठेवतात. वर्षांनी कोणी तेथे गाभा काढला की काळ्या मातीत पांढरी रेघ दिसते. रेघेवर जेवढी माती, तेवढी मधल्या काळाची भर. भुकटी पसरणारा आणि रेघ पाहणारा विद्यार्थी एकच असेल असे नाही. म्हणून पहिल्याने कोपऱ्यांवर खुंट ठोकावेत, त्यांना क्रमांक घालावेत, जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख वहीत स्वच्छ अक्षरात लिहावी, ती वही विभागाच्या कपाटात ठेवण्याची व्यवस्था करावी, आणि भरती चढण्यापूर्वी होडी गाठावी.