नायकत्वाचा मान

पौड गावीं शाळेची दुपारची सुटी झाली कीं मुलें पटांगणांत क्रिकेटचा डाव मांडतात, आणि पहिला चेंडू पडण्यापूर्वींच तंटा उभा राहतो तो कप्तान कोण यावरून. ज्याची बॅट तो कप्तान, हा तेथील अलिखित कायदा. असा कप्तान बाद झाला तरी पंचाला तसें म्हणवत नाहीं. श्रोतेजनांनीं या पोरकटपणाला हंसूं नये. वडील माणसांचा कायदाहि याहून फारसा निराळा नव्हता. १९११ सालीं अखिल भारतीय संघ विलायतेस गेला तेव्हां त्याचें नायकत्व पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांजकडे होतें. महाराज मोजकेच सामने खेळले. त्या दौऱ्यांत खरा राबला तो एक डाव्या हाताचा गोलंदाज. त्यानें ११४ गडी बाद केले. त्याचें नांव पालवणकर बाळू.

हें कुटुंब मूळचें कोंकणांतलें, जातीनें चांभार. वडील लष्कराच्या चाकरीस असल्यामुळें मुलांचें बालपण पुणें-खडकीच्या आसमंतांत गेलें. बाळूंनीं प्रथम पुण्यांत पारशी क्लबच्या मैदानावर दरमहा तीन रुपयांवर झाडलोटीचें काम धरलें. पुढें युरोपियनांच्या पूना जिमखान्यावर चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळीं बांधावीं, आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकावे, हें काम. ग्रेग नांवाचे एक साहेब तेथें येत. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें, असें सांगतात. अशा रीतीनें या पोऱ्याच्या बोटांत विद्या आली. परंतु हातांत बॅट कांहीं त्याला तेथें कोणी दिली नाहीं.

पुढें पुण्याच्या हिंदु क्लबाला साहेबांच्या संघाशीं टक्कर द्यावयाची झाली, तेव्हां याच पोऱ्याची आठवण झाली. घ्यावें कीं न घ्यावें यावर पुष्कळ खल झाला. अखेर घेतलें. चेंडू मात्र सर्वांचा एक, आणि चहा वेगळा! मंडपांत इतर मंडळी पेल्यांतून चहा घेत असतां बाळूंना तो बाहेर, टाकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यांतून मिळे. ज्या हातानें टाकलेला चेंडू गडी झेलीत, त्या हातानें कपाला शिवूं नये, हा शास्त्रार्थ कोणत्या ग्रंथांत सांपडतो तें विद्वानांनींच सांगावें.

मुंबईस गेल्यावर परिस्थिति पुष्कळ पालटली. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या संघांत बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम दोघेहि होते. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊहि पुढें नांवारूपास आले. विठ्ठल हे सर्वांत धाकटे आणि फलंदाजींत कसलेले. एका घरांतून चार खेळाडू हिंदु संघास मिळाले. मिळाला नाहीं तो नायकत्वाचा मान. बाळूंइतका अनुभवी गडी संघांत दुसरा नव्हता, आणि तरी निवड समितीची नजर दरसाल त्यांच्यावरून पुढें सरके.

येथें संघाचे कप्तान एम्. डी. पै यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९१३ सालीं एका सत्कार-समारंभांत त्यांनीं सर्वांदेखत सांगितलें कीं, हा मान खरा बाळूंचा आहे. स्वतःच्या गळ्यांत हार असतां तो दुसऱ्याचा आहे असें म्हणणें सोपें नसतें.

१९२० सालीं प्रसंग निकरावर आला. त्या वर्षीं चौरंगी सामन्यांच्या वेळीं बाळूंस प्रथम वगळण्यांत आलें, आणि विठ्ठलांसहि डावलून नायकत्व दुसरीकडे गेलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम या दोघां बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें, आणि जातीमुळें होणारा हा अपमान आपणांस मान्य नाहीं असें उघडपणें जाहीर केलें. 'संघाच्या ऐन गरजेच्या वेळीं पाठ फिरविली,' असा ठपका कित्येकांनीं ठेवला असेल. परंतु चौदा वर्षें जो गप्प राहून खेळला त्याच्या घरानें एकदां मैदान सोडलें, तर दोष सोडणाराचा कीं सोडावयास लावणाराचा? शिवाय त्यांनीं खेळ सोडला नाहीं. समिति नरमली, बाळू उपकप्तान झाले, आणि दोघे भाऊ परत येऊन संघासाठीं झटले. सामना चालू असतां पै कांहीं वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनीं हिंदु संघ चालविला.

पैंचें मन मोठें खरें. पण एका उदार माणसानें पाठ वळविल्यावर मिळालेली ती घटकाभरची सत्ता. तिला हक्क म्हणतां येत नाहीं. हा भेद विठ्ठलांनीं पुरता ओळखला असावा.

मध्यंतरीं देशांतील वारें बदलत होतें. अस्पृश्यतानिवारणाची चळवळ जोर धरूं लागली होती, आणि बाहेर सभांतून समतेचे ठराव करावयाचे व मैदानावर जात पाहावयाची, हें लोकांनाहि खटकूं लागलें. १९२३ सालीं नायकत्व विठ्ठलांकडे आलें. हिंदूंनीं अंतिम सामन्यांत युरोपियनांस हरवून तें वर्ष जिंकलें. लोकांनीं कप्तानाचा जयजयकार केला, आणि जातिभेद बाजूस सारला म्हणूनच हा विजय मिळाला, असें वृत्तपत्रांतून लिहून आलें. समितीस जी गोष्ट वर्षानुवर्षें अशक्य वाटत होती ती एका निवडीनें झाली. आकाश कोसळलें नाहीं, उलट ढाल मिळाली.

विठ्ठलांजवळ ना संस्थान होतें ना द्रव्य. सीमारेषेवर उभ्या राहिलेल्या गड्याच्या मनांत काय चालतें हें मात्र त्यांच्याइतकें दुसऱ्या कप्तानास क्वचितच ठाऊक असेल, कारण ते स्वतः तेथें फार काळ उभे होते. पुढें 'माझे क्रीडा-जीवन' या नांवानें त्यांनीं आपलें आत्मवृत्त मराठींत लिहिलें. तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें.

ज्या थोरल्या भावानें रूळ ओढून या घराची वाट सपाट केली, त्यांची नेमणूक हिंदु संघाचे कप्तान म्हणून कधींच झाली नाहीं. उपकप्तान हीच त्यांची शेवटची पायरी. ४ जुलै १९५५ रोजीं ते मुंबईस वारले.