पत्र्याचा कारखाना आणि विजेची गिटार



आजचा विषय फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय व्हावे, इतिहास व्हावा, अर्थकारण व्हावे. 'हेवी मेटल' नावाच्या कर्णकटू विलायती संगीताची गिटार येथे कशाला? आणि तिच्यावर बोलणार कोण, तर युनियनचा माणूस! ही शंका रास्त आहे. मी गवई नाही आणि वाद्यांचा व्यापारीही नाही. माझी हयात कारखान्यांच्या फाटकांवर गेली. परंतु या वाद्याची मला ठाऊक असलेली गोष्ट फाटकाच्या आतच घडते, म्हणून चालकांचे आमंत्रण मी स्वीकारले.

इंग्लंडातले बर्मिंगहॅम हे लोखंडकामाचे शहर. त्यातल्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतला टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करी आणि संध्याकाळी गिटार वाजवी. 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जाण्याची संधी त्याला मिळाली आणि त्याने नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा तो म्हणाला, आता परत जात नाही. आईने सांगितले, घेतलेले काम नीट पुरे करून ये. तो परत गेला. त्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नव्हता, म्हणून या पोराला तेथे उभे केले. प्रेस खाली आला, त्याने हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तेथेच राहिली.

तो डावखुरा. तार छेडायची डाव्या हाताने आणि दाबायची उजव्या हाताने. म्हणजे गेली ती नेमकी तार दाबायची बोटे.

येथे क्षणभर थांबतो, कारण माझ्यासारख्याला या गोष्टीत संगीताच्या आधी दुसरेच काही दिसते. नेहमीचा माणूस आला नाही, उत्पादन थांबता कामा नये, म्हणून ज्याला यंत्राची सवय नाही त्याला बदली उभा करायचा. अपघातांच्या ज्या चौकश्यांना मी बसलो, त्यांतल्या कितीतरी याच वाक्याने सुरू होतात. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या 23 व्या कलमात लिहिले होते की अठरा वर्षांखालच्या कामगाराला धोक्याच्या यंत्रावर पुरेशी शिकवण आणि देखरेख यांखेरीज उभे करू नये. कागदावर शहाणपण कधीच कमी नव्हते. प्रेसला दोन्ही हातांनी दाबावी लागणारी बटणे बसविली की हात आत राहण्याचा प्रश्नच उरत नाही. पण एक बटण तारेने बांधून ठेवले की नग जास्त निघतात, आणि कोणाचे तरी बोट जाते.

आता पुढची गोष्ट. डॉक्टरांनी मुलाला सांगितले की वाजविणे विसर. तो घरी खिन्न होऊन बसला असता कारखान्यातला त्याचा वरिष्ठ भेटायला आला आणि एक तबकडी घेऊन आला. ती होती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. जँगोचा डावा हात 1928 साली गाडीला लागलेल्या आगीत भाजला होता; अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर नाव मिळविले. आम्ही युनियनवाले वरिष्ठांविषयी सहसा चांगले बोलत नाही. या गृहस्थाविषयी मात्र बोलले पाहिजे. माणुसकीला हुद्दा आडवा येत नाही, एवढेच त्यावरून म्हणतो.

मग या कामगाराने कामगाराचाच मार्ग धरला. भांडी घासण्याच्या द्रव साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, डाग देण्याच्या तापल्या सळईने त्याला भोक पाडले, घासून घासून बोटाला बसेल अशी टोपी केली आणि तार निसटू नये म्हणून जुन्या चामडी कोटाचा तुकडा वर चिकटवला. ज्या हातांना पत्रा वाकवणे ठाऊक होते, त्यांनाच हे सुचले. तरी नेहमीच्या जाड तारा दाबताना बोटे दुखत. बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत. त्याने बॅन्जोच्या तारा लावल्या. पुढे तारा सैल सोडून सबंध वाद्य खालच्या पट्टीत उतरवले.

यातले गणित सोपे आहे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 आंदोलने घेते. ती तीन अर्धस्वर खाली उतरवली की 69 होतात. आंदोलने एवढी कमी झाली म्हणजे तारेचा ताण सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. बोटाला आराम मिळतो आणि आवाज जड, खोल, गंभीर होतो. आयोमीच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळींची पहिली तबकडी फेब्रुवारी 1970 मध्ये आली; तिसरीत, 1971 साली, हा उतरवलेला सूर ऐकू येतो. जगभरच्या पोरांनी पुढे तोच उचलला. दुखऱ्या बोटाची सोय एका संगीतप्रकाराची रीत झाली.

काही लेखक म्हणतात, बर्मिंगहॅमच्या यंत्रांचा धडधडाट त्या पोरांच्या कानांत होता, तोच संगीतात उतरला. मला हे अर्धेच पटते. धडधडाट आमच्या गिरण्यांतही कमी नव्हता. नुसत्या गोंगाटातून संगीत निघत नाही. त्याला संध्याकाळ मोकळी लागते आणि खिशात चार पैसे लागतात. त्या काळी बर्मिंगहॅमच्या कामगाराच्या पोराला आठवड्याच्या मजुरीतून हप्त्याने गिटार घेता येत होती. आपल्या गिरणगावातही पाळी संपल्यावर भजनी मंडळे बसली, आणि 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. कामाचे तास मर्यादेत आले म्हणून डफाला हात मोकळा सापडला. तासांचा लढा हा गाण्याचाही लढा आहे, हे आम्ही भाषणांतून फारसे सांगत नाही.

आता वाद्याकडे वळू. साध्या गिटारला पोकळ पेटी असते; तिच्यात नाद घुमतो. विजेच्या गिटारला बहुधा भरीव लाकडाचा पाट असतो. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. याला 'पिकअप' म्हणतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अल्पशी वीज खेळू लागते. सायकलच्या डायनामोचेच हे भावंड. ती वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढते आणि कर्ण्यातून नाद होऊन बाहेर पडते. अमेरिकेत 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अशी वाद्ये प्रथम विकली गेली. पोकळ पेटी मोठ्या आवाजात कर्ण्याचाच नाद परत पकडते आणि शीळ घालू लागते; म्हणून पुढे भरीव पाट आला.

परंतु एकेरी वेढ्यांच्या पिकअपमध्ये घरच्या विजेची घरघरही शिरते. गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर याने 1955 च्या सुमारास तोड काढली. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे चुंबक उलटे आणि वेढेही उलटे. तारेचा नाद दोहोंत मिळून वाढतो. बाहेरची घरघर एकमेकींना मारते. 1957 पासून हे 'हम्बकर' वाद्यांवर बसू लागले. आवाज अतोनात वाढवून वाजवणाऱ्यांना हे मोठे वरदान ठरले. मात्र आयोमीने पहिली तबकडी भरली ती एकेरी वेढ्यांच्याच एस.जी. गिटारीवर, तीसुद्धा हातातल्या दुसऱ्या गिटारीचा पिकअप ऐन वेळी बिघडला म्हणून! तेव्हा दुकानदार 'याखेरीज मेटल वाजतच नाही' असे सांगू लागला की थोडे हसावे.

'हा खरखराट कसला?' असे वडील मंडळी विचारतात. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ढकलले की तो लहरीचे माथे कापतो, आणि कापलेल्या लहरीतून मूळ सुराचे अनेक उपस्वर वर येतात. आपल्याला हे नवे नाही. तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीला तार किंचित घासू देऊन आपणही उपस्वरच जागे करतो. तेथे कारागीर कानशीने करतो, येथे वीज करते. प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी कबूल करतो.

आणखी एक मौज आहे. या संगीताचा पाया असलेली, 'पॉवर कॉर्ड' म्हणतात ती जोडी, म्हणजे आपले षड्ज आणि पंचम! दोहोंचे प्रमाण दोनास तीन. खरखरीत त्यांचा संकर झाला तरी निघणारे स्वर त्याच कुटुंबातले असतात. षड्जाच्या खालचा एक षड्जही त्यातून उमटतो. तेथे गांधार मिसळला की आवाज गढूळ होतो. म्हणून पोरे सा आणि प धरून बसतात. आजोबा तंबोऱ्यावर ज्या जोडीला टेकून गायले, तिलाच नातू टेकला आहे. आजोबांनी एवढे तरी समाधान मानावे.

आता माझ्या कामाची गोष्ट सांगतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात प्रत्येक अवयवाची किंमत कमाईच्या टक्केवारीत मांडली होती. हाड न जाता मधल्या बोटाचे टोक उडाले तर 4 टक्के, अनामिकेचे 2 टक्के. एकेक पेर गेले तर 7 आणि 5. त्या तक्त्याने आयोमीचा हिशेब केला असता तर आकडा फार झाला तर 12 टक्के! कायद्याचा दोष काढत नाही. तक्ता नसता तर गरिबाला तेवढेही मिळाले नसते. पण तक्ता माणसाला कमावणारा हात म्हणून मोजतो, आणि हाताला कमाईपलीकडेही आयुष्य असते.

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेसवर आमच्या एका तरुण सभासदाची याच दोन बोटांची टोके गेली. रुग्णालयात मी त्याला रजा, पगार, दावा, सगळे समजावून सांगत होतो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ''भाऊ, पेटी वाजवता येईल ना?'' तो भजनी मंडळात पेटी वाजवी. दाव्याच्या अर्जात हा प्रश्न लिहायला रकाना नाही. बर्मिंगहॅमची गोष्ट मी त्याला सांगितली, पण बरोबर हेही सांगितले की असा एखादाच निघतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून मालकाला सुटका मिळता कामा नये. तो आज मंडळात झांज धरतो. पेटीवर हळूहळू पुन्हा बसू लागला आहे.

गिटार वाजवणाऱ्यांच्या हातांबरोबर ती बनवणाऱ्यांचे हातही आठवावेत. दक्षिण कोरियातली कॉर-टेक ही कंपनी जगातल्या नामांकित छापांसाठी गिटारी बनवून देई. 2007 साली तिने तेथील कारखान्यांतले कामगार काढले आणि काम इंडोनेशिया व चीनकडे नेले. कामगार धरणे धरून बसले. इतरांसाठी हजारो गिटारी बनवलेल्या त्या माणसांना स्वतःला वाजवता येत नव्हते. लढ्यात ते शिकले आणि त्यांनी आपलाच वाद्यवृंद काढला. समझोता झाला तो एप्रिल 2019 मध्ये, बारा वर्षांनी. शेवटी उरलेल्या तिघांना थोड्या दिवसांपुरते नावापुरते कामावर घेतले गेले. विजय म्हणावा की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते बारा वर्षे मान ताठ ठेवणे हीसुद्धा मिळकतच आहे.

येथे बसलेल्या तरुणांना आणि त्यांच्या पालकांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ही आवड आता परक्याची राहिलेली नाही. 2008 साली 'आयर्न मेडन' मंडळी मुंबईत वाजवून गेली तेव्हा ऐकणारी पोरे आपलीच होती. पहिली गिटार छाप पाहून घेऊ नका. मान सरळ आहे का, प्रत्येक पडद्यावर तार स्वच्छ बोलते का, खुंट्या सूर धरून ठेवतात का, ते पाहा. घोडीजवळ हम्बकर असावा. तारा खाली उतरवणार असाल तर घोडी स्थिर असावी. हलत्या घोडीचा सूर लावताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. बोटे धडधाकट असतील तर उतरवलेल्या सुराला तारा थोड्या जाड घ्या, नाहीतर त्या लोंबून खडखडतात. डावखुऱ्याला बळेच उजवा करू नका. वापरलेले वाद्य घेण्यात कमीपणा नाही. आणि कान सांभाळा. 85 डेसिबल आवाजात आठ तास हा हिशेब धरतात; पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला पाव तासच. कारखान्यात बहिरे झालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. हौसेने त्यांच्या रांगेत बसू नका. शेजाऱ्यांसाठी हेडफोन आहेतच.

पालकांना एवढेच म्हणेन: कारखान्यात पोरगा ज्या यंत्रावर उभा राहील ते मालकाचे असेल. त्याचा वेग दुसरा ठरवील, थांबवायचे केव्हा तेही दुसराच. गिटार हे कदाचित पहिले हत्यार असेल जे त्याचे स्वतःचे आहे आणि ज्याचा वेग तो स्वतः ठरवतो. अशी एक तरी वस्तू प्रत्येक कष्टकऱ्याच्या घरात असावी. मग ती गिटार असो, पेटी असो की डफ.

5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर, ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला. तारुण्यात कत्तलखान्यात काम केलेला त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न त्यानंतर 22 जुलैला वारला. सत्याहत्तर वर्षांचा आयोमी त्या दिवशीही बोटांना टोप्या घालूनच वाजवत होता. अपघाताला साठ वर्षे झाली होती. त्याचे कौतुक जरूर करू या. पण उद्या सकाळी पाळीवर जाल तेव्हा आपल्या शेजारच्या प्रेसची दोन्ही बटणे चालू आहेत की नाहीत, तेही पाहून घ्या.