तारण म्हणून काय ठेवलंय?

आजचा विषय बरेच दिवस टाळत होतो. तारण विश्वासाने मिळतं, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. पण माझा विश्वास खरा आहे की वरवरचा, हे कळायचं कसं?

आधीच सांगतो, मी पाळक नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे माझ्या नोकरीतल्याच एका प्रसंगापासून सुरुवात करतो. प्रसंग फारसा अभिमानाचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक रिलीज फसला. ग्राहकांची पेमेंट्स अडकली, रात्रभर फोन. कारण होतं कॉन्फिग फाइलमधली टाइमआउटची एक व्हॅल्यू. ती मी बदलली होती. ब्रँच मात्र एका ज्युनिअर मुलाची होती. मी त्यात माझा बदल घुसडला होता, मर्ज त्याने केलं. सोमवारच्या कॉलवर मॅनेजरने त्याचं नाव घेतलं आणि चांगलं दहा मिनिटं झापलं. मी त्या कॉलवर होतो. म्यूटवर.

अप्रेझल तोंडावर आलं होतं. मी मनाला समजावलं की नंतर सांगू, वातावरण शांत होऊ दे. मधे रविवार आला. उपासनेत त्या दिवशी स्तुतीगीतांना गिटार मीच वाजवत होतो. आणि खरं सांगू? काहीच टोचलं नाही. गाणी छान झाली. लोकांनी खांद्यावर थाप मारली.

त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं, "तुझं तारण झालंय का?" तर मी पटकन हो म्हणालो असतो. बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण झालंय, वचनं पाठ आहेत. प्रश्नपत्रिका दिली असती तर पैकीच्या पैकी.

याकोब त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं इथेच बोट ठेवतो. देव एकच आहे हे तुला मान्य आहे ना, छान, पण ते तर भुतांनाही मान्य आहे, आणि ती निदान थरथर तरी कापतात! मी तर कापतही नव्हतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसं आवडायचं नाही. 1522च्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याला गवताच्या काडीची उपमा दिली होती. त्याला भीती होती की लोक पुन्हा पुण्यकर्मांचा हिशोब मांडत बसतील. भीती अगदीच चुकीची नव्हती. आपल्याकडेही 'विश्वास दिसला पाहिजे' असं म्हटलं की लोक लगेच यादी करतात. सिगारेट सोडली, टिक. दशांश दिला, टिक. आमच्याकडे काही जण असे टेस्ट लिहितात जे कधीच फेल होत नाहीत, कारण ते काही तपासतच नाहीत. स्क्रीन हिरवीगार आणि आत बग जिवंत.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. विद्वत्ता तर विचारूच नका. म्हणजे माहिती होती आणि कामही होतं, तेही तुमच्या-माझ्या दहा जन्मांत होणार नाही एवढं. तरी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपण फक्त धर्म धरून होतो, त्या धर्माचा जो जीव तो ख्रिस्त भेटलाच नव्हता. त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचलं. हा माणूस 1851 मध्ये आपल्याच चर्चमध्ये, व्यासपीठावर उपदेश करता करता पालटला! ते वाचून रमाबाई स्वतःला तपासू लागल्या.

मला हे फार धक्कादायक वाटतं. माझं उघड होतं, मी गप्प बसून दुसऱ्याला अडकवलं. पण रमाबाईंचं काय चुकत होतं? त्या तर कष्ट करत होत्या. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. भार कशावर टाकलाय, हा प्रश्न आहे. आपल्या समजुतीवर, आपल्या कामावर, आपल्या नावावर, की त्याच्यावर? पुढे रमाबाईंचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. पण आता ते काम स्वतःला सोडवण्यासाठी नव्हतं.

'तारण' हा शब्दच बघा ना. चर्चबाहेर तो कुठे दिसतो? पतपेढीच्या पाटीवर. सोने तारण कर्ज. अडचणीतून सुटण्यासाठी आपण जे गहाण ठेवतो ते तारण. हे डोक्यात आलं आणि मी हादरलो. त्या सोमवारी स्वतःला वाचवायला मी काय गहाण ठेवलं होतं? त्या मुलाचं नाव. ख्रिस्ताने माझ्यासाठी स्वतःला दिलं असं मी रविवारी गात होतो, आणि कामाच्या दिवशी मी दुसऱ्यालाच देऊन मोकळा झालो होतो.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय घ्या. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि सांगतो, आज मी तुझ्याकडे उतरणार. अजून जक्कयने एक पैसाही परत केलेला नाही, हे लक्षात घ्या. स्वीकार आधी झाला. मग तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्याला आता पैशाच्या आधाराची गरजच उरली नाही, म्हणून हात सुटला. वधस्तंभावरच्या चोराला तर परतफेड करायला वेळही मिळाला नाही, तरी तो आत गेला. म्हणून फळ ही किंमत नाही.

मग मी काय केलं? अकराव्या दिवशी मॅनेजरला फोन केला. प्रार्थना करून वगैरे धैर्य आलं असं काही नाही, पोटात गोळाच होता. एवढंच वाटलं की रेटिंग गेलं तर जाऊ दे, त्याच्यावर मी उभा नाहीये. रेटिंग खरंच गेलं. टीम मेल आली, त्यात त्या मुलाचं नाव मोकळं झालं.

त्याला मी कँटीनमध्ये गाठलं, माफी मागितली. तो चहा ढवळत होता. म्हणाला, "दादा, गिट लॉग मी त्याच रात्री बघितला होता. तू चर्चला जातोस ना, म्हणून वाटलं, सांगशील. वाट बघत होतो."

मी त्याला विचारलं, "मग तू का नाही सांगितलंस?" तो काही बोलला नाही. चहा संपवला आणि वर गेला.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.