आडात नाही ते…
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एखाद्याला विनोद उशिरा कळला की आपण म्हणतो, ‘याची ट्यूब उशिरा पेटते.’ आज मी खरोखरच उशिरा पेटणाऱ्या ट्यूबबद्दल बोलणार आहे. माझ्या पिढीनं तिला व्हॉल्व्ह म्हटलं. रेडिओचं बटण फिरवायचं आणि नळ्या तापून आवाज येईपर्यंत वाट बघत बसायचं. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढं हळूहळू घरोघरचे व्हॉल्व्ह गेले. आता गाणं ऐकायच्या ॲम्प्लिफायरमधून ते परत आलेत. येताना विशेषणांची वरात घेऊन आलेत.

परवा शेजारचा मुलगा असा एक डबा घेऊन आला. वर दोन काचेच्या नळ्या, त्यांत नारिंगी उजेड. खोक्यावर छापलेलं : ‘१०० वॅट + १०० वॅट, अस्सल ट्यूब साउंड.’ “काका, कसा आहे हो?” मी डब्याकडे बघितलंच नाही, आधी ॲडॉप्टर हातात घेतला. पाठीवर बारीक अक्षरांत होतं : १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर. गुणाकार करा. नव्वद वॅट. भिंतीतून नव्वद येणार आणि स्पीकरला दोनशे जाणार! क्षणभराचा ठोका आतल्या साठ्यावर निभावेल, पण सलग? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हा रोग जुना आहे. टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंनी वॅट लिहिलेले तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेत तर अशा आकड्यांना आवर घालायला १९७४ साली सरकारी नियम करावा लागला : सलग किती वॅट, किती ओहमच्या स्पीकरवर, किती डिस्टॉर्शनसह, ते सांगा. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर. ॲम्प्लिफायरचा एकच चिप १० टक्के डिस्टॉर्शन चालवून घेतलं तर ५० वॅटचा म्हणवतो, एक टक्क्याला बांधून ठेवला की खाली येतो. म्हणून माझा पहिला नियम : दाव्याला आकडा विचारा आणि आकड्याला अट विचारा.

मग आम्ही डबा उघडला. नळ्या होत्या खऱ्या, पण छोट्या, आणि कामही छोटंच : आलेला नाजूक संकेत थोडा हाताळून पुढं द्यायचा. स्पीकर हलवण्याचं सगळं ओझं एका चिपवर. आणि तो सुंदर नारिंगी उजेड? नळीच्या बुडाखाली एलईडी बसवला होता. अशी मिश्र रचना करणं गुन्हा नाही, चांगलीही करता येते. पण तिला ‘अस्सल ट्यूब’ म्हणणं म्हणजे फोडणीला दोन थेंब तूप घालून ‘साजूक तुपातलं’ अशी पाटी लावणं.

अस्सल कसं ओळखायचं? उचलून बघा. व्हॉल्व्हला लागतात काही शे व्होल्ट, आणि त्यातून प्रवाह वाहतो अगदी थोडा. स्पीकरला नेमकं उलटं हवं : व्होल्ट कमी, प्रवाह भरपूर. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे लोखंडाचा गठ्ठा आणि त्यावर तांब्याचे वेढे. मोजके अपवाद सोडले तर व्हॉल्व्हवर स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर हलका नसतोच. पैसाही तिथंच मुरलेला असतो. पण जाहिरातीतल्या फोटोत नळ्या पुढं असतात आणि ट्रान्सफॉर्मर मागं, झाकणाखाली.

आता जरा अवघड दाव्याकडे येऊ. माहितीपत्रकावर एका ओळीत लिहिलेलं असतं, ‘मूळ आवाज जसाच्या तसा’, आणि पुढच्याच ओळीत, ‘ट्यूबची ऊब’. श्रोतेहो, या दोन ओळी एका घरात नांदू शकत नाहीत. जसाच्या तसा असेल तर ऊब कुठून आली? ती घातली असणार.

घातली म्हणजे काय, हे इथं बसलेल्या गाण्याच्या रसिकांना चटकन कळेल. साधा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मूळ सुरात मुख्यतः दुप्पट कंपनांचा सूर मिसळतो. मध्य षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा तो स्वयंभू गंधार. दुप्पटीची भर कानाला खटकत नाही, भरीव वाटते. पण तानपुऱ्याची जवारी तानपुऱ्यापुरतीच असते. ॲम्प्लिफायरला गायिका, सारंगी, तबला यांतला फरक कळत नाही. ५०० आणि ७०० कंपनांचे दोन सूर एकदम आत गेले, की त्यांची वजाबाकी २०० आणि बेरीज १२०० असे परके सूरही बाहेर पडतात. एकट्या गळ्याला जे गोड वाटतं, तेच मोठ्या वाद्यमेळात गढूळ होतं. म्हणून दुकानात बासरी ऐकवली, तर तुम्ही गर्दीचं काहीतरी लावायला सांगा.

ही ऊब फक्त काचेतच असते का? १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन रचनाकारानं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर पैज घेतली. त्यांच्या पसंतीच्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. दोघांच्या आवाजांची वजाबाकी ऐकत, ती शून्याकडे नेत त्यानं आपलं यंत्र बदलत नेलं. शेवटी संपादकांनाच दोन्हींतला फरक सांगता येईना. व्हॉल्व्ह वाईट ठरले नाहीत. त्यांचा गुण मोजता येतो आणि मोजता येणारं दुसरीकडेही बनवता येतं, एवढं ठरलं.

एक हिशेब घरच्या स्पीकरचाही करा. नावाजलेल्या ३००बी या एका व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जेमतेम आठ वॅट देतो. तुमचा स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल देत असेल तर आठ वॅटला ९६, तिथंच आड संपला. ९७ डेसिबलवाला स्पीकर तेवढाच आवाज दहाव्या हिश्शाच्या शक्तीत देतो. जोडी जमते का ते बघायचं, पत्रिका एकाचीच काढून भागत नाही. शिवाय ईएल३४ जातीचे चार व्हॉल्व्ह नुसते तापत राहायलाच ३८ वॅट घेतात, गाणं लागो न लागो. आणि ते बल्बासारखेच झिजतात. बदलायची जोडी कुठं, केवढ्याला मिळते, हे आधी विचारा.

शेवटची परीक्षा घरातलीच. दोन ॲम्प्लिफायर, एकच गाणं, आवाजाची पातळी मोजून सारखी केलेली, कारण किंचित मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. बदलणारा माणूस दुसरा, तुम्ही पाठमोरे. दहा-पंधरा वेळा ओळखून दाखवा.

माझ्या घरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. संध्याकाळी दिवा मालवून मी तो लावतो. तो उजेड मला आवडतो, ती वाट बघणंही आवडतं. त्याचे पैसे मी उजेडाच्या खात्यावर मांडलेत, सुरांच्या खात्यावर मांडले नाहीत, म्हणून आमचं पटतं.

आज इथं तासभर बोललो. या सभागृहाचा ॲम्प्लिफायर कशाचा आहे, ते मी आल्यापासून विचारलेलं नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं ना? मग थांबतो.