बाजार एकाच गावी का भरतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बैल घ्यायचा तर आपण तालुका ओलांडून गुरांच्या बाजाराला जातो. विकणारे पुष्कळ म्हणून घेणारा येतो. घेणारे पुष्कळ म्हणून विकणारा येतो. एकदा बसलेला बाजार सहसा हलत नाही. कॉम्प्युटरच्या कंपन्याही अशाच एका ठिकाणी गोळा होतात. फरक एवढाच, तिथे बाजार भरतो तो हुन्नरी माणसांचा.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सांता क्लारा नावाची दरी आहे. आज तिला सिलिकॉन व्हॅली म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे जर्दाळूच्या, चेरीच्या, आलुबुखाऱ्याच्या बागा होत्या. १९३९ साली तिथल्या पालो आल्टो गावात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांनी मोटार ठेवायच्या खोलीत ५३८ डॉलर भांडवलावर धंदा सुरू केला. पाठीशी होते स्टॅनफर्ड विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक टर्मन.

१९५६ साली ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक, शॉकली, या दरीत आले. त्यांची आई पालो आल्टोत राहत होती. त्यांनी देशभरातून हुशार तरुण वेचून आणले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण स्वभाव असा की कोणाचे पटेना. १९५७ साली आठजण उठले आणि जवळच त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. तिच्यातून १९६८ साली नॉइस आणि मूर बाहेर पडले, त्यांनी इंटेल काढली. एका झाडाची बी पडून रान माजावे, तसे झाले.

मालकाने त्यांना अडवले का नाही? कॅलिफोर्नियाचा १८७२ सालापासूनचा कायदा आहे. 'नोकरी सोडलीस तर हा धंदा दुसरीकडे करणार नाहीस' असे मालकाने लिहून घेतले, तरी ते कोर्टात टिकत नाही. माणूस मोकळा, म्हणून त्याचे ज्ञान मोकळे.

उलट उदाहरण बोस्टनचे. तिथे नामांकित विद्यापीठे होती, जुना पैसा होता, डिजिटल इक्विपमेंटसारखी बलाढ्य कंपनी होती. पण प्रत्येकीची दारे बंद, सगळे घरातच करायचे. छोटे कॉम्प्युटर आले आणि या कंपन्या मागे पडल्या. डिजिटल १९९८ साली विकली गेली. सॅक्सेनियन या विदुषींनी १९९४ सालच्या पुस्तकात हा फरक मांडला आहे.

आता झाकलेली बाजूही बघा. सुरुवातीच्या महागड्या चिप्सचे मोठे गिऱ्हाईक कोण? सरकार. क्षेपणास्त्रांसाठी आणि चंद्रावरच्या अपोलो यानासाठी. ही नुसती खुल्या बाजाराची किमया नव्हे. आणि त्या बागा? बहुतेक तुटल्या. घरे इतकी महाग झाली की तिथे शिकवणाऱ्या मास्तरालाही तिथे राहणे परवडत नाही.

तेव्हा उद्या कोणी येऊन म्हणाला, 'जमीन द्या, इथे कंपन्यांचे गाव वसवतो,' तर त्याला चार प्रश्न विचारा. शिकवणारे कुठे आहेत? नव्या माणसावर पैसा लावणारा कोण? पहिले गिऱ्हाईक कोण? आणि इथे कामाला लागलेला आमचा पोरगा नोकरी सोडून शेजारीच स्वतःचा धंदा काढू शकेल का?

उत्तर नसेल, तर समजा की नुसती शेड उभी राहणार आहे. शेड बांधून बाजार भरत नाही.